पुण्याचा फ्लॅट, एडिनबराचं घर आणि ग्लासगोचा राडारोडा : स्कॉटलंडचे दोन कर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नवरा-बायको दोन वर्षांपूर्वी पुण्याहून एडिनबराला आलात. आतापर्यंत भाड्याच्या घरात राहिलात आणि आता ३ लाख पौंडांचा फ्लॅट घेताय. पुण्यातला सव्वा कोटीचा फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, तो भाड्याने दिलाय. वकिलाने कराचा आकडा २८,६०० पौंड सांगितला. मँचेस्टरच्या मित्राने एवढ्याच किमतीचं घर घेतलं, त्याला फक्त ५,००० भरावे लागले. तुमचा भाऊ ग्लासगोजवळ बांधकामाचा राडारोडा उचलणाऱ्या कंपनीत आहे. तो म्हणतो, लँडफिल टॅक्स, म्हणजे कचरा पुरण्यावरचा कर, हाही इथलं सरकारच ठरवतं, पण त्याचा दर इंग्लंडइतकाच आहे. मग एका करात एवढी तफावत आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं का? आणि या २८,६०० मधले काही वाचतील का?

वाचवायचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याला मुदत आहे.

वकिलाचा आकडा बरोबर आहे. स्कॉटलंडमध्ये घरखरेदीवर लागतो तो लँड अँड बिल्डिंग्ज ट्रान्झॅक्शन टॅक्स, म्हणजे एलबीटीटी. २०२५-२६ च्या दरांनुसार पहिल्या १,४५,००० पौंडांवर काही नाही. तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, अडीच ते सव्वातीन लाखांपर्यंत ५ टक्के, पुढे साडेसात लाखांपर्यंत १० टक्के आणि त्याच्या वर १२ टक्के. तुमच्या ३ लाखांवर हिशेब होतो २,१०० अधिक २,५००, म्हणजे ४,६०० पौंड. हे तर तुमच्या मित्राहून कमीच आहेत.

उरलेले २४,००० पौंड आहेत जादा घराचे. अ‍ॅडिशनल ड्वेलिंग सप्लिमेंट, सगळे एडीएस म्हणतात. तो सध्या ८ टक्के आहे आणि टप्प्याटप्प्याने न लागता पूर्ण किमतीवर लागतो. खरेदीच्या दिवसअखेर तुमच्याकडे एकाहून जास्त घरं असतील, आणि तुम्ही राहतं घर बदलत नसाल, तर तो लागतो. आपल्या लोकांना हमखास धक्का बसतो तो यातल्या 'घरं' या मोजणीला. मोजणी जगभरातल्या घरांची होते. पुण्याचा फ्लॅट मोजला जातो, नाशिकचा बंगला मोजला जातो, तुमच्या वाट्याचं बाजारमूल्य ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल तर कोकणातल्या वडिलोपार्जित घरातला हिस्साही मोजला जातो. शेतजमीन, दुकानाचा गाळा, मोकळा प्लॉट हे मोजत नाहीत. बायकोच्या एकटीच्या नावावर घर असेल तरी सुटका नाही, कारण या करापुरतं नवरा-बायकोला एकच धरतात, आणि लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यालाही. तुमच्या फ्लॅटचा निम्मा हिस्सा धरला तरी तो ४०,००० पौंडांच्या वर जातो. पहिलं घर घेणाऱ्यांना करमाफीची मर्यादा १,७५,००० पौंडांपर्यंत वाढवून मिळते, म्हणजे जास्तीत जास्त ६०० पौंड वाचतात. पण तिथे 'पहिलं' म्हणजे जगातलं पहिलं, त्यामुळे तीही सवलत तुम्हाला नाही.

आता मार्ग. तुम्ही पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः राहत होता, ही तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. १ एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे: खरेदीच्या आधीच्या ३६ महिन्यांत जे घर तुमचं मुख्य राहतं घर होतं, ते खरेदीनंतर ३६ महिन्यांच्या आत विकलंत आणि नव्या घरात स्वतः राहिलात, तर भरलेला एडीएस परत मागता येतो. आधी दोन्हीकडे १८ महिनेच होते. म्हणजे तुम्ही आता खरेदी केलीत तर २४,००० पौंड आज भरावे लागतील, पण ते परत मिळवायला पुढची तीन वर्षं हातात आहेत. हीच खरेदी आणखी सव्वा वर्षाने केलीत तर पुण्याचं घर 'आधीच्या ३६ महिन्यांत' बसणार नाही आणि परताव्याचा रस्ता बंद होईल. मग एकच उरतं, पुण्याचा फ्लॅट आधी विकायचा आणि नंतर इथलं घर घ्यायचं. खरेदीच्या दिवशी दुसरं घरच नसेल तर एडीएसचा प्रश्न येत नाही.

पैशाची सोय करताना एक लक्षात ठेवा. बँक घराच्या किमतीवर कर्ज देते, कराला देत नाही. हे २८,६०० तुमच्या खात्यात रोख तयार हवेत. विवरणपत्र ३० दिवसांत भरायचं असतं. प्रत्यक्षात वकील ते व्यवहाराच्या दिवशीच भरतो, कारण कराची सोय झाल्याशिवाय रजिस्टर्स ऑफ स्कॉटलंड तुमच्या नावावर घर चढवतच नाही.

परताव्यासाठी कागद आत्ताच गोळा करायला लागा. खरेदीखत आणि इंडेक्स टू तर लागतीलच, पण ते मालकी दाखवतात, राहणं नाही. राहणं दाखवायला तिथली जुनी लाइटबिलं, सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या, गॅस कनेक्शनचं कार्ड, बँकेच्या पत्त्याचा पुरावा असं काहीही. भाडेकरू आल्यावर मीटर त्याच्या नावावर गेलं असेल तर त्याआधीची बिलं महावितरणकडून काढून घ्या. माझ्याकडे येणाऱ्यांची फाइल बहुतेक वेळा याच एका बाबतीत अडते. फ्लॅट विकला, मुदतही पाळली, पण तिथे राहत होतो हे दाखवायला आधारकार्डावरच्या पत्त्यापलीकडे हाताशी काही नाही.

फ्लॅट विकण्याआधी भांडवली नफ्याचा हिशेब मात्र दोन्ही देशांचा मांडा. भारतात कर लागेलच. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून नव्याने राहायला आलेल्यांसाठी एक सवलत आहे: आधी सलग दहा वर्षं तुम्ही इथले रहिवासी नव्हता, तर रहिवासाच्या पहिल्या चार करवर्षांत परदेशातल्या उत्पन्नावर आणि नफ्यावर, दावा केलात तर, इथे कर लागत नाही. तुम्ही त्या खिडकीत आहात. ती खिडकी एडीएसच्या ३६ महिन्यांच्या आधी बंद होते. म्हणून विक्री तिसऱ्या वर्षावर ढकलू नका.

आता मित्राचं. त्याच्या नावावर भारतात घर नसेल म्हणून ५,००० लागले. असतं तर इंग्लंडमध्येही पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा, म्हणजे एकूण २०,००० झाले असते. वेल्समध्ये हेच १९,९५० झाले असते. जगभरातली घरं मोजायची पद्धत तिघांकडेही आहे. दर मात्र स्कॉटलंडचा जबर. उलट एक जादा कर इंग्लंडमध्ये आहे आणि इथे नाही: ब्रिटनबाहेर राहणाऱ्याने इंग्लंडमध्ये घर घेतलं तर एप्रिल २०२१ पासून आणखी २ टक्के लागतात. दुबईत बसून मुलांच्या शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

हे दोन्ही कर स्कॉटलंडकडे एकाच दिवशी आले, १ एप्रिल २०१५ ला. स्कॉटलंडला कोणते अधिकार द्यावेत हे पाहणाऱ्या काल्मन आयोगाचा अहवाल २००९ चा. त्यावरून वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनच्या संसदेने, २०१२ चा स्कॉटलंड कायदा केला आणि त्यात जमिनीच्या व्यवहारावरचा आणि कचरा पुरण्यावरचा असे दोन कर एडिनबराकडे सोपवले. वसुलीसाठी रेव्हेन्यू स्कॉटलंड हे स्वतंत्र खातं उभं राहिलं. वेल्सला हेच दोन कर १ एप्रिल २०१८ ला मिळाले आणि तिथे जवळजवळ आठशे वर्षांनी वेल्सचे स्वतःचे कर आले म्हणून कौतुक झालं. याच दोघांची निवड का झाली? जमीन जागेवर असते, ती कुठल्या राज्यात आहे याबद्दल वाद होत नाही. कचरा डेपोही जागेवर असतो, तिथे वजनकाटा असतो, परवाना असतो. दोन्ही करांची वसुली सरहद्दीच्या अलीकडे की पलीकडे, हे बोट ठेवून सांगता येतं. कॉर्पोरेशन टॅक्सबद्दल असं सांगता येत नाही, कारण कंपनी नफा कुठे दाखवते हे तिच्या हातात असतं.

पण डेपो जागेवर असला तरी कचरा जागेवर नसतो. तुमच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, आणि ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

आधी घराचं घेऊ. जुना ब्रिटिश स्टँप ड्युटी लँड टॅक्स मोठा विचित्र होता. किमतीने टप्पा ओलांडला की वाढीव दर संपूर्ण किमतीवर लागायचा. २,५०,००० पौंडांच्या घरावर १ टक्का, म्हणजे २,५००. किंमत एक पौंड वाढली की ३ टक्के, म्हणजे ७,५००. एका पौंडापायी ५,०००! त्यामुळे अडीच लाखांच्या जरा वरच्या किमतीला घरं विकलीच जात नसत, सगळे व्यवहार रेषेच्या खाली येऊन अडकत. स्कॉटलंडने २०१३ च्या कायद्यात ही पद्धत मोडून प्रत्येक टप्प्याच्या वरच्या भागालाच वरचा दर लावायचं ठरवलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये स्कॉटलंडचे अर्थमंत्री जॉन स्विनी यांनी दर जाहीर केले: १,३५,००० पर्यंत शून्य, अडीच लाखांपर्यंत २ टक्के, आणि तिथून थेट १० टक्के. मध्यमवर्गीयांत, विशेषतः एडिनबरात, नाराजी पसरली. डिसेंबरमध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी सगळ्या ब्रिटनमध्ये तीच टप्प्यांची पद्धत आणली, तीही दुसऱ्याच दिवसापासून, आणि मधल्या घरांना सौम्य दर दिले. जानेवारी २०१५ मध्ये, कर सुरू व्हायच्या आधीच, स्विनींनी दर बदलले. करमाफी १,४५,००० वर नेली आणि ५ टक्क्यांचा मधला टप्पा घातला. तुमच्या खरेदीत २,५०० पौंडांचा जो भाग आहे तो त्या तीन महिन्यांतल्या चढाओढीतून आलाय. टप्प्यांची कल्पना एडिनबराने आणली, लंडनने ती घाईने उचलली आणि मग एडिनबराला स्वतःचेच दर दुरुस्त करावे लागले. कर ठरवायचा अधिकार खाली दिला की वरच्यालाही हलावं लागतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर तिघांचे रस्ते वेगळे झाले. २ लाखांच्या घरावर २०२५-२६ मध्ये स्कॉटलंडमध्ये १,१०० पौंड लागतात, इंग्लंडमध्ये १,५००, वेल्समध्ये काहीच नाही, कारण तिथे करमाफी २,२५,००० पर्यंत आहे. ६ लाखांच्या घरावर चित्र उलटतं: इंग्लंड २०,०००, वेल्स २५,५००, स्कॉटलंड ३३,३५०. स्कॉटलंड आणि इंग्लंडचा कर बरोबर ३,३३,००० पौंडांवर सारखा होतो, दोन्हीकडे ६,६५०. त्याच्या खालच्या घरांवर स्कॉटलंडमध्ये फायदा आहे, वर तोटा. हा आकडा सरकारने कुठे लिहून ठेवलेला नाही, पण एडिनबराच्या राजकारणात 'कोणाला सोडायचं आणि कोणाकडून घ्यायचं' ही रेघ साधारण तिथेच ओढलेली दिसते. आणि ती ओढता आली याचं कारण साधं आहे. घर उचलून सीमेवरच्या बर्विकच्या पलीकडे नेता येत नाही. ज्याला एडिनबरात राहायचंय तो कुरकुरेल, पण भरेल. ३० लाखांचा महाल घेणारा कदाचित लंडनचा विचार करेल, पण एडिनबराच्या मॉर्निंगसाइडमध्ये तीन खोल्यांचं घर शोधणारी डॉक्टर नोकरी सोडून सीमेपलीकडे, इंग्लंडमधल्या कार्लाइलला जाणार नाही.

म्हणून एडीएस एवढा चढवता आला. २०१६ मध्ये ३ टक्के, २०१९ मध्ये ४, डिसेंबर २०२२ मध्ये ६, डिसेंबर २०२४ मध्ये ८. माझ्या मते शेवटच्या उडीत थोडी घाई झाली. गुंतवणुकीसाठी पाच फ्लॅट घेणारा आणि पुण्यात आईवडिलांसाठी एक फ्लॅट ठेवून इथे राहायला घर घेणारा, या दोघांना एकच काठी लावणं मला पटत नाही. त्या पाच फ्लॅटवाल्यावर कर लावू नये असं मी म्हणत नाही. इथल्या तरुणांना घर मिळत नाही ही खरी अडचण आहे आणि तिच्यावर काहीतरी करणं भागच होतं. पण भारतातल्या घरामुळे एडिनबराच्या लोथियन परिसरातलं एकही घर बाजारातून कमी झालेलं नाही. राहण्यासाठी घेतलेलं इथलं एकमेव घर तरी यातून वगळायला हवं होतं, आणि ही मागणी स्थानिक एमएसपीकडे, म्हणजे स्कॉटिश संसदेतल्या आपल्या सदस्याकडे, लेखी जायला हवी. आपली माणसं वकिलाकडे हळहळतात आणि तिथेच थांबतात.

आता राडारोडा. ब्रिटनमध्ये लँडफिल टॅक्स १ ऑक्टोबर १९९६ ला आला, टनाला ७ पौंड, आणि माती-दगड-काँक्रीटसारख्या न कुजणाऱ्या मालाला २ पौंड. हेतू महसूल नव्हता. पुरणं इतकं स्वस्त होतं की वेगळं करणं, पुन्हा वापरणं परवडतच नव्हतं. ते गणित उलटवायचं होतं. २०२५-२६ मध्ये स्कॉटलंडमधला मुख्य दर टनाला १२६.१५ पौंड होता आणि खालचा ४.०५. इंग्लंडचेही नेमके हेच. वेल्सने मुख्य दर तोच ठेवून खालचा ६.३० केला होता, एवढाच काय तो फरक.

मुख्य दर एक का? कारण ट्रकला चाकं असतात. समजा एडिनबराने टनाला २० पौंड वाढवले. वीस टनांच्या एका गाडीमागे ४०० पौंडांचा फरक पडला. ग्लासगोपासून कार्लाइल दोन तासांच्या आत येतं. डिझेल आणि ड्रायव्हर धरूनही गाडी दक्षिणेला वळवणं परवडेल, मग इथला डेपो ओस पडेल, करही बुडेल आणि कचरा पुरला जायचा तो जाईलच. दर कमी ठेवला तर उलटं, सीमेपलीकडच्या नॉर्दम्बरलँडचा कचरा इकडे येईल. म्हणजे कायद्याने अधिकार पूर्ण असला तरी वाट इतकी अरुंद आहे की दोन्ही बाजूंना खांदे घासतात. घराच्या बाबतीत स्कॉटलंड इंग्लंडहून १३,००० पौंडांनी वेगळं वागू शकतं, कचऱ्याच्या बाबतीत टनामागे दहा-वीस पौंडांनीही नाही.

तरी स्कॉटलंडने या अरुंद जागेतही काही वेगळं केलं. परवाना नसलेल्या जागी, कुणाच्या शेतात किंवा जुन्या खाणीत टाकलेल्या कचऱ्यावरही इथे पहिल्या दिवसापासून, २०१५ पासून, कर लागतो. तोही टाकणाऱ्यावरच नाही, जाणूनबुजून टाकू देणाऱ्यावरही. इंग्लंडने हे एप्रिल २०१८ मध्ये आणलं. वेल्सने त्याच महिन्यात एक पाऊल पुढे टाकून बेकायदा टाकलेल्या कचऱ्याला मुख्य दराच्या दीडपट कर लावला. आधीची पद्धत उफराटी होती: रीतसर डेपोत जाणारा कर भरायचा आणि रात्री नाल्यात ओतणारा फक्त दंडाचा धोका घ्यायचा.

भावाला जपायला सांगायची गोष्ट मात्र आणखी वेगळी आहे. २०२५-२६ च्या दोन दरांमधलं अंतर १२२ पौंड १० पेन्स. वीस टनांच्या गाडीला मुख्य दराने २,५२३ पौंड, खालच्या दराने ८१. गाडीत नुसती माती, विटा, काँक्रीट असेल तर खालचा दर. त्यात लाकडाच्या पट्ट्या, प्लास्टिक, इन्सुलेशन असं मिसळलेलं असेल तर, अगदी किरकोळ अंश सोडला तर, संपूर्ण गाडीला वरचा दर. नुसतं जिप्सम डेपोत वेगळ्या कप्प्यात टाकलं तर खालच्या दरात बसतं, प्लास्टरबोर्ड मात्र बसत नाही. राडारोडा चाळल्यावर खाली जो भुगा उरतो त्याची वेगळी परीक्षा असते: नमुना भट्टीत जाळायचा आणि वजन किती घटलं ते पाहायचं. १० टक्क्यांहून जास्त घटलं, म्हणजे त्यात लाकूड, कागद, कापड असं जळणारं बरंच आहे, की वरचा दर.

एका गाडीमागे अडीच हजार पौंड वाचणार असतील तर 'माती' असं लिहून मिश्र माल खपवण्याचा मोह किती असेल, याची कल्पना येते. इंग्लंडमध्ये आणि इथेही या धंद्यातली करचोरी बहुतेक याच वाटेने होते. मला स्वतःला वाटतं की दोन दरांतलं अंतर इतकं प्रचंड ठेवणं हीच या कराची मोठी चूक आहे. अंतर कमी झालं तर चोरीत फायदा उरत नाही. वेल्सने खालचा दर मुख्य दराच्या ५ टक्क्यांवर नेला तो मला योग्य दिशेचा वाटतो. बांधकामवाले म्हणतात की मातीवर दर वाढवला तर घरांचा खर्च वाढेल. त्यात तथ्य आहे. पण खोदलेली माती दुसऱ्या साइटवर भरावाला वापरण्याचं कामही त्यामुळेच वाढेल, आणि ते व्हायला हवं.

पैशाबद्दलचा एक गैरसमज इथेच काढतो, कारण हे कर म्हणजे सगळी 'स्कॉटलंडची कमाई' असं वाटू शकतं. इथे घोडं पेंड खातं. हे कर एडिनबराच्या तिजोरीत जातात हे खरं, पण लंडनहून येणारं वार्षिक अनुदान त्या मानाने कापलं जातं. कपात ठरते ती अशी: कर सोपवला तेव्हा किती मिळत होता तो आधार, आणि मग इंग्लंड-उत्तर आयर्लंडमध्ये त्याच कराची माणशी वाढ जेवढी होईल तेवढी कपातही वाढत जाते. २०१६ मध्ये दोन्ही सरकारांमध्ये हा करार झाला, २०२३ मध्ये सुधारला. त्यामुळे स्कॉटलंडला खरोखर मिळतं ते वसुली वजा कपात. वसुली वाढली पण इंग्लंडची त्याहून वेगाने वाढली, तर आकडा वर जाऊनही हातात कमी येतं. २०१४ पासून तेलाचे भाव कोसळून अ‍ॅबर्डीनचा घरबाजार बसला तेव्हा हा धोका कागदावरचा नाही हे सगळ्यांना दिसलं.

या चष्म्यातून डिसेंबर २०२४ पुन्हा बघा. ३० ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात लंडनने जादा घरावरचा कर ३ वरून ५ टक्के केला, दुसऱ्या दिवसापासून. इंग्लंडची वसुली वाढली की स्कॉटलंड आणि वेल्सची कपात वाढणार. ४ डिसेंबरला एडिनबराने एडीएस ६ वरून ८ केला. ११ डिसेंबरपासून वेल्सने जादा घरांचे दर एक टक्क्याने वाढवले. तिन्ही सरकारांनी कारणं घरांच्या टंचाईची दिली आणि ती खोटी नाहीत. पण तारखा ओळीने ठेवल्या की कपातीचा हिशेब त्यामागे होता असंच मला दिसतं. तुमच्या २४,००० मधले ६,००० पौंड त्या पाच आठवड्यांतले आहेत.

महाराष्ट्राशी तुलना तुमच्या मनात येणारच. आपल्याकडे मुद्रांक शुल्काचे दर ठरवणं मुळात राज्याच्या यादीत आहे, आणि जीएसटीनंतर राज्याच्या हातात उरलेल्या मोजक्या मोठ्या करांपैकी तो एक. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने शहरांत तो ५ वरून २ टक्क्यांवर आणला, जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये ३ ठेवला. त्याचा तोटाही राज्याचा आणि नोंदणी कार्यालयांपुढच्या रांगांचा फायदाही राज्याचा. केंद्राने त्यापायी कुठे माणशी वाढ मोजून अनुदान कापलं नाही. त्याच काळात स्कॉटलंडनेही, १५ जुलै २०२० ते ३१ मार्च २०२१, करमाफीची मर्यादा अडीच लाखांवर नेली होती. पण लंडनने आठवडाभर आधी तसं केलं होतं, म्हणून इंग्लंडची वसुली आणि पर्यायाने इथली कपातही कमी होत होती. आधी लंडन, मग आपण, हा क्रम इथल्या वित्तमंत्र्यांना सहसा मोडता येत नाही. टप्पे नसणं, दुसऱ्या घराला वेगळा दर नसणं आणि रेडीरेकनरचा दर, हे आपल्याकडचं वेगळेपण. स्कॉटलंडमध्ये रेडीरेकनर नाही, प्रत्यक्ष दिलेल्या किमतीवर कर. लँडफिल टॅक्ससारखा देशभराचा कर मात्र भारतात नाही. देवनार आणि फुरसुंगीचे डोंगर पाहिलेल्या माणसाला टनाला १२६ पौंडांचं मोल लवकर कळतं.

लँडफिल टॅक्सचं भवितव्य भावाला सांगून ठेवा. हा कर यशस्वी झाला की संपत जातो. स्कॉटलंडची यातली वसुली २०१५ च्या मानाने बरीच घटली आहे आणि ती घटावी अशीच योजना होती. त्यात घराघरातला कुजणारा कचरा पुरण्यावर बंदीचा नियम आला: मुळात तारीख १ जानेवारी २०२१ होती, पुढे ३१ डिसेंबर २०२५ झाली. इंग्लंडमध्ये अशी बंदी नाही, त्यामुळे गाड्या दक्षिणेला वळण्याची भीती इथे पुन्हा आहेच, आणि यावेळी कारण दर नसून नियम आहे. डेपोचालक आपल्या कराचा काही भाग आसपासच्या दहा मैलांतल्या लोकोपयोगी कामांना देतात. गावची सभागृहं, पाऊलवाटा, तळ्यांची साफसफाई त्यातून होते. वसुली घटली की तो पैसाही आटतो, आणि त्यावर अवलंबून असलेल्या छोट्या संस्थांनी दुसरी सोय आताच बघायला हवी.

भावाच्या कंपनीचा माल मुख्यतः पाडकामाचा असेल तर साइटवरच तीन ढीग करायची सवय लावा: काँक्रीट-विटा, लाकूड, प्लास्टरबोर्ड. गाडी भरल्यावर वरून एक फोटो, हस्तांतराच्या पावतीवर मालाचं नेमकं वर्णन, आणि चाळलेल्या भुग्यासोबत जाळून घेतलेल्या नमुन्याचा अहवाल. डेपोचा माणूस वजनकाट्यावर उभ्या गाडीत डोकावतो आणि एक फळी दिसली तर वरच्या दराचं बिल करतो. त्या वेळी वाद घालून उपयोग होत नाही, कागद पुढे करावा लागतो. आणि तुमच्यापुरतं, वकिलाला या आठवड्यात दोन प्रश्न लेखी विचारा: व्यवहाराची प्रभावी तारीख कोणती धरली आहे, आणि त्या तारखेपासून मागे ३६ महिने मोजले तर तुम्ही पुण्याच्या घरात राहत होता तो शेवटचा दिवस आत बसतो का.